ऑपरेशननंतरची उलटी आणि चार आण्यांचा हिशोब

करी रोड स्टेशनचा पूल उतरून परळच्या दिशेने चालायला लागलं, की पाऊण तासाच्या आत मुंबईतली काही सर्वांत गजबजलेली रुग्णालयं लागतात. १९२६ पासूनचं केईएम, त्याच्या जवळच वाडियांची दोन, एक बाळंतिणींचं आणि एक मुलांचं, आणि १९४१ साली सुरू झालेलं टाटा मेमोरियल. ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसांचे प्रश्न सगळीकडे तेच असतात. ऑपरेशन किती वेळ चालेल, शुद्धीवर कधी येईल, दुखेल का फार? उलटीबद्दल कुणी विचारत नाही. भूल उतरताना उलट्या व्हायच्याच, असं सगळ्यांनी धरलेलं असतं. रुग्ण थरथरत्या हाताने किडनी ट्रे ओढून घेतो, बायको किंवा बहीण पाठीवर हात फिरवते, सिस्टर म्हणतात, ‘होतं असं, थोड्या वेळाने बरं वाटेल.’ या ‘होतं असं’बद्दल मला लिहायचं आहे. ऑपरेशननंतरची मळमळ आणि उलटी पुष्कळ अंशी टाळता येते, ती टाळण्याची रीत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पक्की झाली आहे, आणि त्या रीतीचं सार एका वाक्यात मावतं: एकाच औषधावर विसंबू नका, वेगवेगळ्या वाटांनी काम करणारी दोन-तीन औषधं आधीच एकत्र द्या.

आधी ही गोष्ट किरकोळ का नाही ते पाहू. काहीच प्रतिबंध केला नाही, तर ऑपरेशन झालेल्या साधारण तीस टक्के लोकांना हा त्रास होतो. ज्यांना धोका जास्त, त्यांच्यात हे प्रमाण ऐंशी टक्क्यांपर्यंत जातं. पोटावर ताजे टाके असताना उमासे येतात तेव्हा पोटाचे स्नायू त्या टाक्यांवर जोर लावतात. मानेवरच्या किंवा स्तनाच्या ऑपरेशननंतर त्याच जोराने आत रक्तस्राव होऊ शकतो. अर्धवट गुंगीत असलेल्या माणसाच्या श्वासनळीत उलटी गेली तर जिवावर बेतू शकतं. हे क्वचित घडतं, पण नेहमी घडणारी गोष्टही कमी नाही: वेदनेची गोळी पोटात टिकत नाही, सलाईन काढता येत नाही, घरी जाणं एक दिवस पुढे ढकललं जातं. रुग्णांना स्वतःला काय वाटतं हेही विचारून झालं आहे. १९९९ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लोकांना विचारलं, की भुलेनंतरच्या त्रासांपैकी कुठला तुम्हाला सर्वांत नको? लोकांनी उलटीला पहिला क्रमांक दिला. वेदना तिच्या मागे राहिली. वॉर्डात मात्र वेदनेची नोंद नेमाने होते, आणि मळमळीची बहुधा रुग्णाने ओकल्यावरच. नुसती मळमळ डोळ्यांना दिसत नाही. डोळे मिटून, तोंडात पाणी सुटलेलं गिळत पडून राहिलेला माणूस शांत झोपला आहे असंच पाहणाऱ्याला वाटतं.

एकच औषध का पुरत नाही, हे उलटी कशी होते ते कळलं की उमगतं. मेंदूच्या तळाशी, मज्जारज्जूच्या जरा वर, उलटीचं नियंत्रण करणारा भाग आहे. त्याच्याकडे खबर पोचवणाऱ्या वाटा अनेक आहेत. मेंदूला रक्तातल्या विषारी द्रव्यांपासून वाचवणारी जी गाळणी असते, ती त्याच्याजवळच्या एका लहानशा जागी नसते. त्यामुळे रक्तातून फिरणारं भुलेचं औषध किंवा मॉर्फिन तिथे थेट जाणवतं, आणि तिथे डोपामीन नावाचं रसायन काम करतं. दुसरी वाट आतड्यातून येते. आतडी हाताळली गेली, ताणली गेली, की तिथल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि पोटातली मोठी नस ती खबर वर नेते. तिसरी वाट कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातून येते. म्हणून स्ट्रेचरवरून खाटेवर हलवताना, लिफ्ट हलताना अचानक पोट ढवळतं. तिथे हिस्टामीन आणि अॅसिटिलकोलीन ही रसायनं असतात. आणि या सगळ्या खबरा जिथे एकत्र येतात, तिथे ‘सबस्टन्स पी’ नावाचं आणखी एक रसायन शेवटचा इशारा देतं. एकच वाट अडवून भागत नाही, हे परळने रस्त्यावरही पाहिलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परळजवळचा एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हा गाड्या काही घरी बसल्या नाहीत. त्या करी रोडच्या पुलावर, चिंचपोकळीच्या पुलावर, दादरच्या टिळक पुलावर वळल्या. उलटीचंही तसंच आहे. सेरोटोनिनची वाट अडवली, तर आतड्यातून येणारी खबर थांबते. रक्तातून आणि कानातून येणारी चालूच राहते.

प्रत्येक वाटेसाठी वेगळं औषध आहे. सेरोटोनिनच्या वाटेवरचं ऑन्डानसेट्रॉन आपल्याकडे ‘एमसेट’ म्हणून घराघरांत माहीत आहे. अमेरिकेत ते १९९१ साली बाजारात आलं, मूळचं केमोथेरपीच्या उलट्यांसाठी. दोन मिलीलीटरची काचेची छोटी कुपी, त्यात चार मिलीग्रॅम औषध. ते ऑपरेशन संपत आलं की देतात, कारण त्याचा असर काही तासच टिकतो. दुसरं डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉईड. ते उलटी नेमकी कशी थांबवतं हे अजून पुरतं उलगडलेलं नाही, पण थांबवतं हे नक्की, आणि त्याचा परिणाम दिवसभर टिकतो. ते सावकाश काम सुरू करतं, म्हणून ऑपरेशनच्या सुरुवातीलाच द्यावं लागतं. तेही रुग्णाला भूल लागल्यावर, कारण जाग्या माणसाच्या शिरेत ते झटकन दिलं तर जांघेत विचित्र आग आणि खाज सुटते. तिसऱ्या गटात डोपामीनची वाट अडवणारी औषधं येतात. पेरिनॉर्म या नावाने ओळखलं जाणारं मेटोक्लोप्रामाइड त्यातलंच, पण नेहमीच्या दहा मिलीग्रॅममध्ये ऑपरेशननंतरच्या उलटीवर ते कमी पडतं, आणि क्वचित मान-जबडा आखडतो, मुलांमध्ये विशेष. चौथ्या गटात सबस्टन्स पीला रोखणारं अॅप्रेपिटंट. त्याची कॅप्सूल ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते आणि तिचा असर लांबवर पुरतो. कुठलं औषध कधी द्यायचं याचा हा तपशील रुग्णाने पाठ करण्याची गरज नाही. पण यावरून एक गोष्ट ध्यानात यावी: ही औषधं एकमेकांची बदली नव्हेत. एक सुरुवातीला, एक शेवटी, एक डोपामीनच्या वाटेवर, एक आतड्याच्या, अशी ती एकत्र काम करतात.

आता पुराव्याकडे. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जर्मन भूलतज्ज्ञ क्रिस्टियन आपफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. ज्यांना उलटीचा धोका बराच आहे अशा ५,१९९ रुग्णांवर त्यांनी सहा उपाय पारखले. तीन औषधं आणि भूल देण्याच्या पद्धतीतले तीन बदल, सगळ्या शक्य जोड्या करून. सहा उपायांच्या अशा ६४ जोड्या होतात, आणि कुठल्या रुग्णाला कुठली जोडी मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं होतं. निकाल इतका स्वच्छ होता की तो आपल्या जुन्या पैशाच्या हिशोबात सांगता येतो. ऑन्डानसेट्रॉन, डेक्सामेथासोन आणि डोपामीनच्या वाटेवरचं ड्रोपेरिडॉल, तिघांपैकी कुठलंही एक घेतलं, तरी ते धोक्याचा साधारण एक चतुर्थांश भाग कमी करत होतं. रुपयातले चार आणे. दुसरं औषध दिलं की उरलेल्या बारा आण्यांतला चौथा हिस्सा जातो, नऊ आणे राहतात. तिसरं दिलं की पावणेसात. प्रत्यक्षातले आकडेही या हिशोबाच्या आसपासचेच: औषध नाही तर १०० पैकी ५२ जणांना त्रास, एका औषधाने ३७, दोहोंनी २८, तिघांनी २२. म्हणजे ही औषधं एकमेकांना जादूने बळ देत नाहीत, आणि एकमेकांच्या आड येतही नाहीत. प्रत्येक आपापला वाटा उचलतं. यातून आपफेल यांनी काढलेला निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. तिन्ही औषधं सारखीच उपयोगी असतील, तर आधी जे स्वस्त आणि निर्धोक तेच घ्यावं. पुढे २०२० साली कॉक्रेन संस्थेने ५८५ चाचण्या आणि ९७ हजारांहून जास्त रुग्ण यांचा एकत्रित आढावा घेतला. एकट्या औषधापेक्षा जोडी साधारणपणे सरस, हेच त्यातूनही निघालं. एकट्या औषधांमध्ये अॅप्रेपिटंटचा गट सर्वांत भक्कम ठरला, कित्येक जोड्यांच्या तोडीचा.

पण मग सरसकट प्रत्येकाला तीन-तीन औषधं द्यायची का? इथे चार आण्यांचा हिशोब पुन्हा उपयोगी पडतो. ज्याचा मुळातला धोका १०० मध्ये १० आहे, त्याला एक औषध दिलं तर १० चे साडेसात होतात. चाळीस जणांना औषध द्यावं तेव्हा एकाची उलटी वाचते. ज्याचा धोका ६० आहे, त्याचे एका औषधाने ४५, दोहोंनी ३४, तिघांनी २५ होतात. म्हणून आधी माणूस ओळखावा लागतो, आणि त्यासाठीची मोजपट्टीही आपफेल यांनीच १९९९ साली दिली. चार प्रश्न. रुग्ण स्त्री आहे का? धूम्रपान करत नाही का? पूर्वी ऑपरेशननंतर उलट्या झाल्या आहेत का, किंवा गाडी लागते का? ऑपरेशननंतर अफूच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणार आहेत का? एकही ‘हो’ नसेल तर धोका सुमारे १० टक्के. मग एकेका ‘हो’ला २०, ४०, ६०, ८०. धूम्रपान करणाऱ्यांना त्रास कमी होतो म्हणून कुणी बिडी-सिगारेटला औषध समजू नये. त्याच धुरामुळे भुलेत फुप्फुसांचा धोका वाढतो, आणि परळच्या एका मोठ्या रुग्णालयाचे वॉर्ड तंबाखूनेच भरलेले आहेत.

या चार प्रश्नांचा आपल्याकडे काय अर्थ होतो, यावर पुरेसं बोललं जात नाही असं मला वाटतं. युरोप-अमेरिकेत बऱ्याच बायका सिगारेट ओढतात, म्हणून तिथे दुसरा प्रश्न रुग्णांची वर्गवारी करतो. भारतात २०१६–१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात ओढण्याचा तंबाखू वापरणाऱ्या बायका २ टक्के निघाल्या. म्हणजे आपल्या जवळजवळ प्रत्येक स्त्रीला थिएटरच्या दारात पाऊल टाकतानाच दोन गुण मिळालेले असतात, धोका ४० टक्क्यांच्या घरात. ऑपरेशननंतर मॉर्फिन, फेन्टानिल किंवा आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं ट्रामाडॉल मिळालं, की ६० टक्के. आणि लालबाग-परळच्या घरांचं निम्मं गोत कोकणात. गणपतीला गावी जाताना घाटाची वळणं सुरू झाली की नाकाशी लिंबू आणि हातात प्लास्टिकची पिशवी धरून खिडकीशी बसणारी बाई त्या प्रत्येक एसटीत असते. तिला चारही गुण. दुर्बिणीतून पित्ताची पिशवी काढायची असेल किंवा गर्भपिशवीचं ऑपरेशन असेल, तर धोका आणखी वाढतो. वय पन्नाशीच्या आतलं असेल तर त्याहून. २०२० साली जगभरच्या भूलतज्ज्ञांनी मिळून केलेली मार्गदर्शक सूत्रं सांगतात, की धोक्याची एक किंवा दोन कारणं असली तर दोन औषधं, त्याहून जास्त असली तर तीन किंवा चार. हा नियम आपल्याकडच्या बायकांना लावला, तर एकट्या ऑन्डानसेट्रॉनवर भागवणं बहुतेकींच्या बाबतीत अपुरं ठरतं. दोन औषधं हा त्यांचा किमान हक्क आहे. मुलांचे प्रश्न वेगळे असतात: तीन वर्षांहून मोठं मूल, अर्ध्या तासाहून लांब ऑपरेशन, तिरळेपणाची दुरुस्ती, आणि मुलाला, आईबापांना किंवा भावंडांना असा त्रास झाल्याचा इतिहास.

पहिला आक्षेप अनुभवी डॉक्टरांकडूनच येतो: आधी कशाला द्यायचं, उलटी झाली की देऊ. वरवर हे काटकसरीचं वाटतं. पण यात रुग्णाने आधी एकदा ओकायचं हे गृहीत धरलेलं आहे, आणि ज्याला नुसती मळमळ आहे तो मोजलाच जात नाही. शिवाय रात्री दोन वाजता भरलेल्या वॉर्डात सिस्टरना हाक मारायची, त्यांनी निवासी डॉक्टरला विचारायचं, औषध आणायचं, यात वेळ जातो. आणि एक ठोस कारण आहे. ऑन्डानसेट्रॉन आधी देऊनही उलटी झाली, तर लगेच पुन्हा तेच देऊन फायदा होत नाही, हे चाचण्यांत दिसलं आहे. ती वाट आधीच अडवलेली असते, खबर दुसरीकडून येत असते. म्हणून सहा तासांच्या आत दुसऱ्या गटातलंच औषध द्यावं असा नियम आहे. त्याच दिवशी घरी सोडलेल्या रुग्णाचं तर आणखी अवघड. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, घरी गेलेल्या अशा रुग्णांपैकी ३७ टक्क्यांना घरी पोचल्यावर किंवा वाटेत मळमळ-उलटी झाली. रुग्णालयात दिलेल्या ऑन्डानसेट्रॉनचा असर तोवर उतरलेला असतो. करी रोडच्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर खोली, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला, आणि पोटाला चार टाके: त्या माणसाला संध्याकाळी सात वाजता उमासे येऊ लागले तर कुठली सिस्टर येणार? दिवसभर पुरणारं डेक्सामेथासोन त्याला सकाळीच मिळालेलं असणं हाच खरा उपाय.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: जितकी औषधं जास्त, तितके दुष्परिणाम जास्त. स्टिरॉईड म्हटलं की लोक दचकतात, आणि मधुमेही घरात असलेल्यांनी दचकणं रास्तच आहे. स्टिरॉईडने साखर वाढते, जखम चिघळते, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. नेमका हाच प्रश्न धरून ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ८,८८० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि २०२१ साली तिचा निकाल आला. निम्म्यांना आठ मिलीग्रॅम डेक्सामेथासोन, निम्म्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. महिन्याभरात जखमेत जंतुसंसर्ग झाला तो औषध घेतलेल्यांपैकी ८.१ टक्क्यांना आणि न घेतलेल्यांपैकी ९.१ टक्क्यांना. म्हणजे औषधाने जखम चिघळली नाही. या रुग्णांत मधुमेहीही होते, मात्र साखर हाताबाहेर गेलेले नव्हते. म्हणून माझं मत असं: एका डोसला घाबरण्याचं कारण नाही, मधुमेह्याची साखर त्यानंतर एक दिवस बारकाईने तपासावी, आणि साखर आधीच चढलेली असेल तर दुसरी जोडी निवडावी. ऑन्डानसेट्रॉनने डोकं दुखतं, बद्धकोष्ठ होतं, आणि हृदयाच्या विद्युत लयीत थोडा फरक पडू शकतो. ड्रोपेरिडॉलवर तर याच कारणासाठी २००१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सर्वांत कडक इशारा छापायला लावला. हृदयाची लय आधीच बिघडलेल्या माणसाला ही दोन्ही एकत्र देताना विचार करावाच लागतो. जोडी म्हणजे हाताला लागेल ते ओतणं नव्हे, प्रत्येक औषध त्या माणसाला चालतं का हे पाहून केलेली निवड.

दुष्परिणामांच्या या प्रश्नावरचं एक उत्तम उत्तर परळमधूनच आलं आहे. ते ऑपरेशनचं नव्हे, केमोथेरपीचं, पण उलटीच्या वाटा दोन्हीकडे त्याच आहेत आणि औषधंही बरीचशी तीच. तीव्र उलट्या आणणाऱ्या केमोसाठी आता चार औषधं एकत्र देतात: सेरोटोनिन रोखणारं, सबस्टन्स पी रोखणारं, डेक्सामेथासोन आणि ओलान्झापिन. चौथं मुळात मानसिक आजाराचं औषध आहे. ते मळमळीवर फार चांगलं लागू पडतं, पण दहा मिलीग्रॅमच्या नेहमीच्या डोसने माणूस दिवसभर पेंगतो. गावाहून आलेली, भाड्याच्या खोलीत राहून केमो घेणारी बाई दिवसा पेंगली, तर तिच्या मागे जेवणखाण कोण करणार, लोकलमध्ये तिला कोण चढवणार? टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात २७५ रुग्णांवर, ज्यांत बहुतेक स्तनाच्या कर्करोगाच्या बायका होत्या, चाचणी केली: सुमारे निम्म्यांना नेहमीचे दहा मिलीग्रॅम, बाकीच्यांना अडीच. २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल छापून आला. उलट्यांवर पुरतं नियंत्रण अडीच मिलीग्रॅमने ४५ टक्क्यांत, दहाने ४४ टक्क्यांत. पहिल्या दिवशीची तीव्र पेंग मात्र ४० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली. पाव डोसात तेवढंच काम. दहा मिलीग्रॅम हा डोस वर्षानुवर्षं पुस्तकात होता म्हणून चालत आला होता. परळमध्ये कुणीतरी तो तपासून पाहिला. जोडीचा हा दुसरा फायदा नीट लक्षात घ्यावा. वाटा वाटून घेतल्या की प्रत्येक औषधाचा डोस बेताचा ठेवता येतो. ऑपरेशननंतरच्या मळमळीवरही ओलान्झापिन वापरून पाहिलं जात आहे. घरी जाणाऱ्या तरुण स्त्रियांवरच्या एका अमेरिकी चाचणीत ऑन्डानसेट्रॉन-डेक्सामेथासोनच्या जोडीला ते दिल्यावर घरची मळमळ बरीच कमी झाली.

एक आक्षेप मात्र या विषयाच्या मुळाशीच हात घालतो, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. या क्षेत्रातला पुरावा एका माणसाने वर्षानुवर्षं नासवला होता. जपानी भूलतज्ज्ञ योशिताका फुजी यांनी उलटीविरोधी औषधांवर, विशेषतः सेरोटोनिनच्याच वाटेवरच्या ग्रॅनिसेट्रॉनवर, शोधनिबंधांचा पाऊस पाडला. २००० सालीच क्रांके, आपफेल आणि रोवर या तिघा जर्मन डॉक्टरांनी पत्र लिहून म्हटलं, की हे आकडे विश्वास बसू नये इतके सुबक आहेत. ते कुणी मनावर घेतलं नाही. २०१२ साली ब्रिटनच्या जॉन कार्लाइल यांनी गणिताने दाखवून दिलं, की असे आकडे नैसर्गिकपणे जुळून येणं जवळपास अशक्य आहे. जपानी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने केलेल्या चौकशीत १७२ निबंधांत बनावट माहिती सापडली. त्यांपैकी १२६ निबंध सबंध रचलेले. हे वाचून या साऱ्या विषयावरचा विश्वास उडाला तर त्यात नवल नाही. पण वर जे आकडे दिले, ते ५,१९९ रुग्णांचे आणि ८,८८० रुग्णांचे, ते अनेक रुग्णालयांनी मिळून, एकमेकांवर नजर ठेवून गोळा केलेले आहेत. त्यांचा फुजींशी काही संबंध नाही. फुजींचं सगळं लिखाण रद्दीत टाकलं, तरी चार आण्यांचा हिशोब जागचा हलत नाही. आणि हेही नोंदवण्याजोगं आहे, की पहिली शंका घेणाऱ्यांत आपफेल स्वतः होते.

औषधांच्या जोडीने इतरही गोष्टी कराव्या लागतात, त्यांचा धावता उल्लेख. वायूने भूल देण्याऐवजी शिरेतून प्रोपोफॉलवर भूल चालू ठेवली, तर उलटीचा धोका जवळपास एका औषधाइतकाच कमी होतो. हात-पायाच्या ऑपरेशनला नस बधिर करून भागलं, तर अफूच्या जातीची औषधं कमी लागतात. सिझेरियनला कमरेतून भूल दिल्यावर आईला जी मळमळ येते, ती बरेचदा रक्तदाब अचानक उतरल्याची पहिली खूण असते. तिथे आधी रक्तदाब सावरायचा, मग उलटीचं औषध. रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही, हा आपल्याकडचा जुना दंडक बहुतेकांसाठी कालबाह्य झाला आहे. भूलतज्ज्ञाने परवानगी दिली असेल तर ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, आणि कोरडा पडलेला माणूस जास्त मळमळतो. सलाईन पुरेसं चढवलं की त्रास घटतो. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून साधारण तीन बोटं वर, दोन कंडरांच्या मधोमध दाबल्याने मळमळ कमी होते, हेही चाचण्यांत उतरलं आहे. ते फुकट आहे आणि निरुपद्रवी आहे, खुशाल करावं. आल्याचा पुरावा त्यामानाने कच्चा. यांतलं काहीही औषधांची जागा घेत नाही, सगळं त्यांच्या सोबतीने.

खर्चाचा मुद्दा उरतो, आणि सार्वजनिक रुग्णालयात तोच निर्णायक ठरतो. इथे मला स्वच्छ बोलावंसं वाटतं. डेक्सामेथासोन आणि ऑन्डानसेट्रॉन, दोन्ही भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत, दोन्ही इथेच बनतात, दोन्हींच्या कुप्या थिएटरच्या ट्रेवर आधीपासूनच असतात. या जोडीला महागड्या यंत्राची गरज नाही, नव्या बांधकामाची नाही. लागतात चार प्रश्न, आणि भुलेच्या कागदावर त्यांची उत्तरं लिहायला एक चौकट. अॅप्रेपिटंट महाग पडतं, ते चार गुणांच्या रुग्णासाठी राखून ठेवावं. ओळीने ऑपरेशनं उरकायची असताना भूलतज्ज्ञाला प्रत्येकाशी निवांत बोलायला सवड नसते, हे खरं आहे आणि तो त्यांचा दोष नाही. म्हणूनच यातला एक वाटा रुग्णाने आणि घरच्यांनी उचलायला हवा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी किंवा सकाळी भूलतज्ज्ञ येतात, दात हलतात का, दमा आहे का, अॅलर्जी कशाची, असं विचारतात. त्या दोन मिनिटांत आपण होऊन सांगा, की मागच्या ऑपरेशननंतर उलट्या झाल्या होत्या, साखरेचा त्रास आहे, हृदयाचं अमुक औषध चालू आहे. आणि घाटात एसटी लागत असेल, तर तेही सांगायला लाजू नका: ‘डॉक्टर, मला गाडी लागते.’